डाव्या बाजूचं दार

१

जेवणाची ताटं उचलायला मी खोलीत शिरले, तेव्हा इंद्रजीतचे ओठ निळे पडले होते.

मी धावले. धावताना पलंगाखालच्या लोखंडी दांड्यावर नडगी आपटली, पण ती दुखायला लागली नंतर. त्या वेळी एवढंच दिसलं, की ज्याचं डोकं मी स्वतः उंच करून ठेवलं होतं तो माणूस सपाट पडला आहे. बोटाला लावलेला चिमटा चादरीवर लोळत होता, म्हणून ठोके मोजणारं मशीन गप्प होतं. आणि त्याच्या गळ्यात श्वासासाठी बसवलेल्या नळीतून दुधाळ फेस येत होता.

फेस ओढून घ्यायला सक्शन लावलं, डोकं वर घेतलं, ऑक्सिजन सोडला आणि ओरडले. भगीरथ धावत आला. तो आमचा अटेंडंट, पन्नाशीचा, पैलवानासारखा दणकट. मग डॉक्टर आले. बऱ्याच वेळाने निळे ओठ जांभळे झाले, जांभळ्याचे फिकट झाले. इंद्रजीत वाचला, पण डोळे उघडेना.

आमचं केंद्र किन्हवलीच्या पुढे, शेतांच्या मधोमध आहे. मेंदूला मार बसलेले, पक्षाघात झालेले, मणका मोडलेले लोक मोठ्या इस्पितळातून सुटले की इथे येतात. घरी नेता येत नाही आणि तिथे ठेवून घेत नाहीत, असे हे लोक. कुणाला गिळता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाला आपलाच हात आपला वाटत नाही. त्यांना दोन दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाकातल्या नळीने पातळ अन्न द्यायचं आणि दिल्यावर डोकं चांगलं तासभर उंच ठेवायचं, हे आमचं काम. डोकं खाली गेलं की पोटातलं अन्न उलटून श्वासात जातं आणि माणूस आवाज न करता बुडतो.

इंद्रजीतला दुपारचं अन्न मीच दिलं होतं. त्यानंतर त्या खोलीत मीच परत गेले होते.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पल्लवी, डोकं वर करायला विसरलीस?"

२

"नाही सर," मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज हलला. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी माझी मलाच शंका आली. रोज पाच-सहा जणांना नळीने भरवते, सहा पलंग वर-खाली करते. आजचं आठवतंय की कालचं?

इंद्रजीतची आई जानकीबाई भिंतीला धरून उभी होती. कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला गेली होती, ती परत येते तर हे. तिचा थोरला मुलगा मुकेश धापा टाकत मागून आला. आईला त्याने एका हाताने सावरलं आणि मला म्हणाला, "सिस्टर, तुमच्या भरवशावर ठेवला होता आमी त्याला." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी संध्याकाळी निकाल दिला. उद्या सायंकाळपर्यंत ते पोलिसांना आणि नर्सिंग कौन्सिलला कळवणार. तोवर मी कुठल्याही पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे माझी नोंदणी जाणार. आणि इंद्रजीत गेला, तर मी त्याला मारलं असं कायमचं ठरणार.

भोईर मॅडम मुरबाडहून आल्या त्या रात्री उशिरा आणि माझ्याशी बोलल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या आमच्या मेट्रन. सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्या आणि स्वस्थ बसवेना म्हणून इथे आल्या. उंचीला बेताच्या, जिभेला तिखट. त्यांचं एक ठरलेलं होतं. पेशंटबद्दल काही कळत नसेल तर त्याच्या पलंगावर स्वतः झोपून बघायचं, तो बघतो ते बघायचं. आम्ही मागे हसायचो.

"रडून झालं असेल तर सरळ उभी राहा," त्या म्हणाल्या. "लंगडतेस का?"

"नडगीला लागलं. काल धावताना. पलंगाच्या दांड्याला."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "कुठल्या दांड्याला?"

"इंद्रजीतच्या. डोकं वर-खाली करायचा फिरवायचा दांडा."

"बाहेर होता?"

"हो," मी म्हटलं, आणि मग मलाच ते कळलं. पलंगाचा दांडा फिरवून झाला की आत दुमडायचा, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. अडखळून पडतं माणूस. आता ते आमच्या हाताला इतकं बसलं आहे, की भगीरथ झोपेतसुद्धा दुमडेल. मी माझा पायजमा वर केला. नडगीवर काळानिळा डाग होता.

"तू डोकं वर करायला विसरली असतीस," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तर दांडा आतच असता. तू वर केलंस, आत दुमडलास. मग कुणीतरी बाहेर काढला, डोकं खाली केलं आणि तसाच ठेवला. इथलं काम येत नाही अशा कुणीतरी."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण अंगावर काटा आला. कारण याचा अर्थ विसरण्याहून वाईट होता. कुणीतरी शांतपणे दांडा फिरवत, इंद्रजीतचं डोकं खाली खाली जाताना बघत उभं राहिलं होतं. आणि ते माणूस अजून येत-जात होतं.

"हे सध्या कुणाला बोलू नकोस," मॅडम म्हणाल्या. "इंद्रजीतला आपल्या टेबलाशेजारच्या खोलीत हलवलाय ना? त्याला एकटा सोडायचा नाही. त्याची आई बसेल."

३

इंद्रजीतच्या कालच्या खोलीत दुसरा एक माणूस होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं. माझं दुर्दैव तिथेच होतं.

धाऊबाबा पलीकडच्या पाड्यावरचा भातशेतीवाला, सत्तरीचा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका येऊन डावा हात-पाय गेला होता. बोलणं मात्र खणखणीत, आठवण पक्की. कानाने थोडा मंद. कुणाच्या पायात कुठली चप्पल होती हेही तो सांगायचा. डॉक्टर म्हणायचे, आमचा सीसीटीव्ही.

मॅडम त्याच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसल्या. सकाळची न्याहारी त्याच्यासमोर होती. ताटलीतल्या उजव्या अंगाची भाकरी संपली होती, डाव्या अंगाला शेवग्याची भाजी जशीच्या तशी.

"भाजी देत नाय गो तुमी," तो कुरकुरला. मॅडमनी काही न बोलता ताटली अर्धी फिरवली. भाजी उजवीकडे आली. "हां, आता आणली," धाऊबाबा म्हणाला आणि खाऊ लागला.

हे त्याचं रोजचंच. डोळे चांगले असतात, पण मेंदू डावी बाजू हिशेबातच धरत नाही. तिकडे बघायचं असतं हेच त्या माणसाला उमगत नाही. अर्धीच दाढी करतो आणि झाली म्हणतो. म्हणून अशा माणसाचा पलंग सुरुवातीला मुद्दाम असा लावतात की दार, माणसं, पाणी सगळं त्याच्या उजव्या हाताला येईल. नाही तर तो दचकतो, एकटा पडतो. मीच हे सगळं नातेवाइकांना ताटली फिरवून दाखवलं होतं. धाऊबाबाची बायको जना धरून पाच-सहा जण जमले होते, जादू बघायला जमतात तसे.

"काल दुपारचं सांगा बाबा," मॅडम म्हणाल्या.

"ही सिस्टर आली. पोराला नळीतून जेवान दिला. पलंग वर केला का नाय ते नाय बगितला. गेली. मग आमची जना आली, पोराचा भाऊस आला तिच्यासंगती. बसली जरा. गेली दोघा. मंग कोणी नाय. मंग हीच आली नि बोंबलली."

"मधे कुणीच नाही? झोप लागली असेल."

धाऊबाबाला राग आला. "दार हा माझ्या डोळ्यासमोर. दिवसभर काय करतंय मी? दाराला बगतंय. काल भैरोबाचा टेकाड पेटला, दोन जागी धूर, मधला पट्टा सुटला होता, तो पन सांगू? झोप लागली म्हने."

मी खाली मान घातली. खणखणीत साक्षीदार, आणि त्याच्या साक्षीत मी पहिली आणि मीच शेवटची. मॅडम उठल्या तेव्हा मी विचारलं, "आता?"

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पूर्वेच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. समोर भैरोबाचं टेकाड काळंठिक्कर पडलं होतं.

४

भगीरथ स्वयंपाकघराच्या मागे चादरी वाळत घालत होता. तो मॅडमना घाबरतो, म्हणून आधीच हात जोडून उभा राहिला.

"मी दुपारी त्या खोलीत गेलोच नाय मॅडम. केर सकालीच काढलेला. जेवनं झाली नि माझ्या गावासून फोन, वनवा लागला म्हनून. आमचा गवत त्या टेकाडाच्या पायथ्याला. मी गच्चीवर जाऊन बगत होतो. आग दुपारचीच लागली नि ऊन उतरायच्या आत विझली पन."

"मागचं दार?"

त्याने मान खाली घातली. "उघडा होता. चादरी आनायला."

मुकेश व्हरांड्यात बसला होता. तिशीचा, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. आसनगावच्या कंपनीत नुकताच कायम झाला होता. जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेहून दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून येत होते. रस्त्याच्या कडेने चाललेल्या एका बाईला गाडीने उडवलं. बाई जागीच गेली, इंद्रजीतचं डोकं दगडावर आदळलं, मुकेशला खरचटलं. गाडी इंद्रजीत चालवत होता असं मुकेशने सांगितलं आणि केस इंद्रजीतवर झाली. शुद्धीत नसलेल्या माणसाला कोण विचारणार होतं?

"काल जनामावशीला एसटीच्या थांब्यावर सोडला," तो म्हणाला. "वॉचमनने बगितला ना जाताना. तिथंच टपरीवर चहा प्यालो, कंपनीतल्या मित्राशी फोनवर बोलत होतो. मग आईचा फोन आला."

"मधे परत नाही आलात?"

"नाय." मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पल्लवी सिस्टरला सोडा. पोरगी चांगली हाय. चूक कोनाची पन होते."

हे ऐकून माझे डोळे भरले. खरंच भरले. तो रोज यायचा, भावाचे पाय चोळायचा. तो खोलीत आला की इंद्रजीतचे मशीनवरचे ठोके भराभर चढायचे. जानकीबाई कौतुकाने म्हणायची, "थोरल्याला बघून कसा खुलतो बघ गो." आणि मी म्हणायचे, "ओळखतो तो, आई. आतून सगळं कळतं त्याला." त्याच आठवड्यात तर मी सगळ्यांसमोर टाळी वाजवून सांगितलं होतं, की इंद्रजीत आता 'हो' म्हणायला डोळे एकदा मिटतो. थोडे दिवस थांबा, तो स्वतः सगळं सांगेल. जानकीबाईने घरी जाऊन बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली होती.

मॅडम परत त्या खोलीत गेल्या. धाऊबाबाला त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर पाठवलं आणि चपला काढून त्याच्या पलंगावर उताण्या झोपल्या. उशीवर डोकं, हात पोटावर. बराच वेळ त्या नुसत्या पडून होत्या.

"पल्लवी," छताकडे बघत त्या म्हणाल्या, "खिडकी माझ्या कुठल्या हाताला आहे?"

मी सांगायला गेले आणि माझ्या पाठीतून गार शिरशिरी गेली.

डाव्या.

५

एका महिन्यात धाऊबाबाने ती खिडकी एकदाही पाहिली नव्हती. खिडकी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. डाव्या हाताची भाजी ज्याला दिसत नाही, त्याला डाव्या हाताचा डोंगर कसा दिसेल? आणि तरी काल दुपारी त्याने दोन जागचा धूर आणि मधला सुटलेला पट्टा पाहिला होता.

मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. "आधी बघा, मग बोलू," म्हणाल्या. धाऊबाबाला परत पलंगावर घेतलं आणि भगीरथने पलंग गर्रकन उलटा फिरवला. उशाकडचं पायाकडे, पायाकडचं उशाकडे. आता दार आणि इंद्रजीतची रिकामी जागा त्याच्या डाव्या अंगाला गेली, खिडकी उजव्या.

"बाबा, दाराकडे लक्ष ठेवा हां," मॅडम म्हणाल्या.

"ठेवलाच हाय," खिडकीकडे बघत धाऊबाबा म्हणाला.

भगीरथ बाहेर गेला. दारातून आत आला, पाय न वाजवता इंद्रजीतच्या जागेपाशी गेला, खाली वाकला, उभा राहिला, परत गेला. एवढा दांडगा माणूस, चार हातांवरून.

"कोण आलं, बाबा?"

"कोण नाय आला."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. मला तर त्या रिकाम्या जागेकडे बघवेना. काल कुणीतरी असंच उभं होतं, आणि सताड उघड्या डोळ्यांचा माणूस शेजारी असताना जगात कुणीच नव्हतं.

"मी आत आले तेव्हा पलंग सरळ होता," मी म्हटलं.

"म्हणजे आधी फिरवला, नंतर परत फिरवला," मॅडम म्हणाल्या. "बाबा, काल पलंग हलवला होता का कुणी?"

"झाडायला हलवतात तसा हलवला. दोनदा. एकदा जना होती."

"आणि दुसऱ्यांदा?"

धाऊबाबाने कपाळाला आठी घातली. त्याला आठवत होतं ते फक्त हलणं. "भगीरथ असंल. उशाशी मागं होता कोणतरी."

भगीरथने मान हलवली. त्याने काल दुपारी केर काढलाच नव्हता.

पलंग कुणी फिरवायला लावला असेल, हे मॅडमना कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी कुणी उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून झोपत नाही. ती मेलेल्या माणसाची दिशा. पण दार पश्चिमेला असल्यामुळे धाऊबाबाचं डोकं आम्हाला उत्तरेलाच ठेवावं लागलं होतं, आणि त्यावरून त्याची बायको जना पहिल्या दिवसापासून आमचा जीव खात होती. ती नेमकी त्याच वेळी डबा घेऊन आली. नवऱ्याचा फिरवलेला पलंग दिसताच तिने हातातला डबा दारातच खाली ठेवला.

"मना माफ करा," मॅडमनी काही विचारायच्या आधीच ती बोलून गेली. "त्याला हाकलू नका. तुमची सिस्टर ऐकं ना. रोज रात्री माझ्या डोल्यापुढं हा दक्षिनेला पाय करून पडलेला. मी घरी झोपत नाय गो."

"तुम्ही एकट्याने नाही फिरवला."

"नाय. इंद्रजीतच्या भावासने फिरवला. तोच म्हनाला, मावशी, तुमचा जीव तुटतो तं घडीभर फिरवू, सिस्टर यायच्या आधी मी येऊन सरळ करून ठेवीन. देवमानूस वाटला मना."

येऊन सरळ करून ठेवीन. आणि तो तर म्हणाला होता, मी परत आलोच नाही.

मला आणखी एक गोष्ट आठवली. पंधरवड्यापूर्वी जना हेच गाऱ्हाणं सांगत होती तेव्हा मुकेश मोकळेपणाने हसला होता. "आमच्याकडं दिशा-बिशा नाय बघत, मावशी. बाबासाहेबांनी सगला सोडायला लावला." मीही हसले होते, कारण माझ्याही घरात आजोबांपासून तेच आहे. त्याला काल एकदम जनाची दिशा का पटली? आणि ताटली फिरवून मी डावी बाजू समजावत होते, तेव्हा सगळ्यांत पुढे कोण उभा होता?

"इंद्रजीतजवळ आई आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दाराकडे वळले. व्हरांड्यात जानकीबाई बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होती.

"आई, आत कोण?"

"मुकेश हाय ना," ती म्हणाली. "म्हनाला, तू चहा घे, मी बसतो."

६

ती दहा-बारा पावलं मला अजून स्वप्नात संपत नाहीत.

दार लोटलेलं होतं. आत मशीन गप्प होतं. मुकेश पलंगाच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता आणि त्याचा हात दांड्यावर होता. दांडा फिरत होता. कुरकुर असा बारीक आवाज, चरकाचा येतो तसा. इंद्रजीतचं डोकं अर्धं खाली आलं होतं. नाकातल्या नळीतून सकाळचं अन्न नुकतंच गेलं होतं, मीच दुसऱ्या सिस्टरला आठवण करून दिली होती.

आणि इंद्रजीतचे डोळे उघडे होते. कालपासून पहिल्यांदाच. ते भावाकडे बघत होते.

मुकेश आमच्याकडे वळून म्हणाला, "नीट झोपवत होतो त्याला. मान अवघडली होती." आवाज तोच, मऊ. भगीरथने त्याला बखोटीला धरून उचललं तेव्हाही तो झटापट न करता उभा राहिला. मला हात लावायची बंदी होती. मी दांडा धरला, डोकं वर केलं, चिमटा त्याच्या बोटाला लावला. मशीन इतकं भराभर वाजायला लागलं की एक ठोका दुसऱ्यात मिसळत होता.

मॅडम दारात उभ्या होत्या. "काल जनाबाईंना थांब्यावर सोडलंत," त्या म्हणाल्या. "गाडी तिथेच ठेवून बांधावरून मागच्या दाराने आलात. धाऊबाबाच्या डाव्या अंगाने आत शिरलात. चिमटा काढलात, म्हणजे मशीन ओरडणार नाही. डोकं खाली केलंत. काम झाल्यावर बाबाच्या उशामागून पलंग सरळ केलात, म्हणजे त्याची साक्ष पक्की. सगळं नीट जमलं. एवढंच, की दांडा आत दुमडायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाबाला डोंगर दिसेल हे तुमच्या ध्यानात आलं नाही."

"कशाला मारीन मी त्याला? माझा भाऊ हाय तो."

"गाडी कोण चालवत होतं?"

मुकेशने आईकडे पाहिलं. जानकीबाई बशी हातात तशीच धरून मॅडमच्या मागे येऊन उभी होती. तिला पाहिल्यावर त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"मीच होतो," तो म्हणाला. "ती बाई मेली, आई. मना घाबरायला झाला. हा तं मेलाच असा वाटला, म्हनून त्याचा नाव सांगितला. मग हा जगला. मग सिस्टर म्हनाली, आता हा सगला सांगंल." तो रडायला लागला. "तो मरावा असा नव्हता माझ्या मनात. नुसता बोलायला नको होता."

जानकीबाईच्या हातातली बशी कलली. चहा फरशीवर सांडला, तिला कळलं नाही.

७

पोलीस त्याला घेऊन गेले. त्यांच्या गाडीमागोमाग त्याची मोटारसायकलही कुणीतरी चालवत नेली. डॉक्टर माझ्याशी काहीतरी चांगलं बोलले, मला ते ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "ड्युटीवर ये," ते ऐकू आलं.

मी इंद्रजीतची कूस बदलली. पाठीला उशी दिली, डोकं वर, दांडा आत. जानकीबाई त्याच्या शेजारी बसली होती. तिला दोन मुलगे होते, आणि आज ती दोघांसाठी रडत होती की कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

ऊन उतरलं होतं. रस्त्यावरून एक मोटारसायकल आली. आमच्या फाटकापाशी जरा मंदावली. कुणी वाटसरू असेल.

मशीनवरचे ठोके चढायला लागले.

आधी हळू, मग भराभर, पळत सुटल्यासारखे. इंद्रजीतच्या कपाळावर घाम आला. जानकीबाईने डोळे पुसले आणि मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. दोन महिने ती हेच बघत आली होती. गाडीचा आवाज, मग व्हरांड्यात थोरल्याची पावलं, मग हे ठोके.

"पल्लवी," ती म्हणाली, "ते खुशीनेच चढतात ना गो? तूच सांगितलेला."

मी इंद्रजीतसमोर वाकले, त्याला माझा चेहरा दिसेल अशी. रोज किती वेळा वाकले होते आणि काय काय विचारलं होतं. पाणी हवं, कूस बदलू, आई आली, दिसली? हे एकच विचारलं नव्हतं.

"इंद्रजीत, तुला भीती वाटते?"

त्याने डोळे मिटले. एकदा. आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मी खिडकी लावून घेतली. "तो येणार नाही," मी त्याला म्हटलं. "आता तो येणार नाही." जानकीबाईने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तेच म्हटलं, अगदी हळू, माझ्यामागून. मोटारसायकल निघून गेली. ठोके कमी व्हायला बराच वेळ लागला, तोवर आम्ही दोघी तिथेच बसून होतो.